सरांच्या नावाचा विंचू

१

सर कामाच्या खोलीच्या दारात पालथे पडले होते. कोटाची एक बाही अंगात, दुसरी मोकळी. विंचवाच्या विषावरचा उतारा बाहेर बोळातल्या फ्रीजमध्ये होता आणि सरांचा हात त्याच दिशेला पसरलेला होता. हृदय आधीच दुबळं. बाकी सगळे जेवायला गेलेले. हाक मारली असेल, तर ती ऐकायला भिंतीशिवाय कोणी नव्हतं.

वाळूच्या टेकड्यांना लागून असलेल्या त्या केंद्रात विंचू पाळले जात, मोजले जात आणि त्यांच्या जाती लावल्या जात. सरांचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. त्यांचा कोट उचलल्यावर आतून एक मोठी, पिवळट मादी खाली पडली. सरांच्या वजनाखाली तिची पाठ चिरडली होती, पाय मात्र शाबूत होते.

सरांना आधी पाहिलं ते नानांनी. नाना म्हणजे विंचवांना किडे घालणारे, पेट्यांची वाळू बदलणारे, सरांइतकेच जुने. पोलीस आले तेव्हा ते बोळातल्या बाकावर बसून होते. कोणी विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, की वाळूच्या मोठ्या पेटीचं झाकण त्यांच्या हातून उघडं राहिलं, त्यातली मादी बाहेर पडली आणि सर गेले. लिहून घ्या, मी सही करतो, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

तपासाला आलेले इन्स्पेक्टर फार सावकाश चालायचे आणि त्याहून सावकाश बोलायचे. खात्यात त्यांना माघारी गोगलगाय म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्यात खोटं काही नाही असं त्यांचं मत होतं. त्यांनी ती पेटी पाहिली. पेटी जमिनीवर, खिडकीखाली. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाची खुंटी पाहिली. खांद्याएवढी उंच, आणि मागची भिंत ऑइलपेंटची, गुळगुळीत. त्यांनी त्या भिंतीवरून बोट फिरवलं. बोट घसरलं.

नानांकडे वळून त्यांनी विचारलं, कोट कुठून घेतला सरांनी?

खुंटीवरून, नाना म्हणाले. रोज तिथंच असतो.

इन्स्पेक्टर बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत राहिले.

२

केंद्रात या विषयाचं उत्तर देऊ शकेल असा आता एकच माणूस उरला होता. सरांचा विद्यार्थी, आणि पुढं त्यांच्या लेकीचा नवरा. सगळं केंद्र त्याला जावईबापू म्हणे. आधी थट्टेत, मग सवयीनं. माणूस हुशार, कपडे नीटनेटके, बोलणं तुटक. पण विंचवाच्या पायांचा विषय निघाला आणि सासऱ्याच्या मरणाचा दिवस असूनही त्याचा चेहरा उजळला. इन्स्पेक्टरांना त्याचं नवल वाटलं नाही. ज्याचं जिथं मन जडतं तिथं दुःखसुद्धा दोन पावलं मागं सरतं.

त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. विंचू कुठं राहतो हे त्याचा पाय पाहून सांगता येतं. खडकावरच्या विंचवाच्या नख्या आखूड, जाड आणि गळासारख्या वळलेल्या. तो फटीत पाय रोवतो, उलटा लटकतो, भिंत चढतो. वाळूतल्याचं निराळं. त्याच्या पायाची शेवटची पेरं चपटी, नख्या लांब आणि सरळसोट, आणि पेरांच्या कडेला राठ केसांची ओळ, थेट फणीसारखी. त्या फणीमुळं पाय वाळूत रुतत नाही, आणि वाळू उपसायलाही तीच कामी येते. जाती लावतानाही हीच फणी बघायची. कोणाची विरळ, कोणाची दाट.

"मग वाळूतला विंचू ही भिंत चढेल?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"छे. ऑइलपेंटवर वीतभरसुद्धा नाही. पण भिंतीचा प्रश्न येतो कुठं?"

"कोट खुंटीवर होता ना."

जावईबापू बोलायचे थांबले. खुंटीवर? असं त्यांनी अगदी हळू विचारलं. मग सावरून म्हणाले, हो, बरोबर, तिथंच असतो तो.

इन्स्पेक्टरांनी मेलेली मादी पुढं केली आणि ही कुठली, असं विचारलं. जावईबापूंनी भिंगाखाली एकच नजर टाकली. नेहमीची, वाळूतली साधी जात, ते म्हणाले. मोठ्या पेटीतली. नानांची म्हातारी म्हणतो आम्ही तिला.

म्हणजे साधी जात, भिंत न चढणारी, आणि सापडली खांद्याएवढ्या उंचीवरच्या कोटात. इन्स्पेक्टर उठले. हा अपघात नाही असं त्यांच्या तोंडून निघणार, इतक्यात बाकावरून नाना उठून दारात आले.

३

नानांचं म्हणणं ऐकून इन्स्पेक्टरांच्या हातातला धागाच तुटला.

जेवायला जाण्याआधी नाना खोलीत डोकावले होते. सर आतल्या खाटेवर पडलेले, डोळे मिटून. कोट खाली जमिनीवर, उघड्या पेटीला लागून. नानांनी आधी झाकण बसवलं, स्वतःला शिव्या दिल्या, आणि मग कोट उचलून खुंटीला लावला.

"झटकला का नाही?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. इथं येणारा प्रत्येक जण बूट आपटून घालतो, कपडा झटकून घेतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तेच शिकवायचं, आणि शिकवणारे नानाच. "सरांची झोप मोडेल म्हणून," ते म्हणाले. "झटकला असता तर आवाज झाला असता."

आणि सरांनी का झटकला नाही? तर खुंटीवरचा कोट कोणीच झटकत नाही. तिथं विंचू चढतच नाही, हे सगळ्यांना पाठ.

म्हणजे झाकणही नानांचं आणि कोटही नानांचा. सरांच्या पत्नीनं, बाईंनी, हे ऐकलं आणि त्या तोंड फिरवून घराकडं निघून गेल्या. इतक्या वर्षांत त्यांनी नानांकडे पाठ केलेली ही पहिली वेळ. नानांनी ते पाहिलं. ते परत बाकावर बसले आणि समोर आलेला चहा त्यांनी तसाच सरकवून दिला.

खरं तर इथं तपास संपायला हवा होता. हाताखालच्या हवालदारानं कागदही पुढं केला. पण इन्स्पेक्टरांच्या मनात एक काटा राहिला होता. केंद्रातला झाडूवालासुद्धा सांगेल, की सरांचा कोट खुंटीवर असतो. मग तो खुंटीवर होता याचं जावईबापूंना आश्चर्य का वाटावं?

सही उद्या घेऊ, ते नानांना म्हणाले.

नाना पहिल्यांदाच चिडले. "उद्या कशाला साहेब? रात्र कशी काढू मी?"

४

बाईंशी बोलायला इन्स्पेक्टर गेले ते चप्पल बाहेर काढून. घर केंद्राच्याच आवारात, दोन खोल्यांचं, भिंतीला टेकून पुस्तकांचे गठ्ठे. लेक आईशेजारी बसली होती. गेल्याच आठवड्यात तिचं आणि वडिलांचं कडाक्याचं वाजलं होतं आणि तिनं ते लपवलं नाही. बाबांनी आता काम सोडावं, छातीत दुखतंय तर विश्रांती घ्यावी, एवढंच तिचं म्हणणं. त्यावर ते म्हणाले होते, एक चूक निस्तरायची राहिलीय, ती झाली की तुझ्या घरी येऊन पडतो. कुठली चूक, ते तिनं रागानं विचारलंच नाही. ते सांगताना तिनं ओठ दाबून धरले.

दुपारी नवरा कुठं होता? घरीच जेवला, ती म्हणाली. जरा उशिरा आला. ताट निवलं होतं.

 मग बाईंनी आपणहून सांगितलं, की सर परवापासून मजेत होते. जावयानं काही वर्षांपूर्वी विंचवाची एक नवी जात शोधून काढली होती, दाट फणीची, आणि तिला सरांचं नाव दिलं होतं. गुरुदक्षिणाच ती. सरांना त्याचं मोठं अप्रूप. आणि परवा मात्र जेवताना एकदम हसायला लागले. काय झालं म्हटलं तर म्हणाले, आजपासून मी विंचू राहिलो नाही, पुन्हा माणसात आलो. वर म्हणाले, पोराला फार लागेल गं. त्याला समजावून सांगायला हवं.

"तुम्ही काय समजलात?"

"त्यांची चेष्टा," बाई म्हणाल्या. "मला सगळं कुठं कळायचं? आणि आता विचारू कोणाला?"

परत येऊन इन्स्पेक्टरांनी भिंग मागवलं. मोठ्या पेटीशेजारच्या दुसऱ्या पेटीतला एक विंचू नानांनी चिमट्यानं धरून दिला. सावकाश माणूस होता, म्हणून त्याला दिसलं. पेटीतल्या विंचवाच्या पायावरची फणी दात पडलेल्या कंगव्यासारखी होती. कुठं केस तुटलेला, कुठं झिजून खुंट झालेला. आणि सरांच्या कोटातल्या मादीची फणी? एकही दात पडलेला नाही. कोरी करकरीत, जणू त्या पायांनी वाळू कधी पाहिलीच नव्हती.

असं का, हे त्यांनी नानांना विचारलं. नानांनी मानही वर केली नाही. वाळू उपसून उपसून केस झिजणारच, ते म्हणाले. मोठा झालेला विंचू कात टाकत नाही, तुटलेला केस मग परत येत नाही. म्हणून तर जावईबापू आपले विंचू वाळूत ठेवत नाहीत. पिल्लू असल्यापासून टिपकागदावर वाढवतात. केस शाबूत राहतात, भिंगाखाली स्वच्छ दिसतात. त्यांची पद्धतच आहे ती. सर वाळूवाले, ते कागदवाले, यावरून दोघांची नेहमी चेष्टा चालायची.

इन्स्पेक्टरांनी भिंग खाली ठेवलं. सर परवा का हसले ते त्यांना आता समजलं होतं, आणि ते समजल्यावर त्यांना स्वतःला मुळीच हसू येईना.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलावलं. बाई खुर्चीवर, लेक त्यांच्या मागं, जावईबापू टेबलाला टेकून. नाना बोलावूनही आत आले नाहीत. बोळातल्या बाकावरच राहिले.

इन्स्पेक्टरांनी खिडकीखालची ती मोठी पेटी टेबलावर घेतली आणि हवालदाराला वाळू उपसायला सांगितलं. चमच्यानं, हळूहळू.

"रिकामी पेटी कशाला उकरताय?" जावईबापूंनी विचारलं.

"रिकामी आहे असं सगळेच म्हणतात. बघितलं कोणीच नाही."

वरचा थर निघाला, मग खालचा ओलसर थर. खोलीत चमच्याच्या खरखरीखेरीज आवाज नव्हता. पेटीच्या तळाशी, कोपऱ्यात, वाळू आपोआप हलली. आधी एक चिमटा दिसला, मग पाठ. जुनी, मोठी, मळकट पिवळी मादी नांगी उभारून बाहेर आली आणि उजेडात थबकली.

लेकीनं आईचा खांदा घट्ट धरला. ही नानांची म्हातारी, ती म्हणाली. डावा चिमटा थोटा आहे तिचा, मी कितीतरी वर्षं ओळखते.

झाकण उघडं होतं, पण ती पेटीतून बाहेर पडलीच नव्हती. उजेड पडल्यावर ती जे करते तेच तिनं केलं होतं, खोल खाली गेली होती. नानांच्या हातून कोणी सुटलंच नव्हतं.

मग कोटात होतं कोण?

६

इन्स्पेक्टरांनी दोन भिंगं शेजारीशेजारी लावली. एकाखाली कोटातली मादी, दुसऱ्याखाली वाळूतल्या विंचवाचा पाय. मग जावईबापूंना म्हणाले, काल तुम्ही मला छान शिकवलंत. आज मी धडा म्हणून दाखवतो, चुकलो तर सांगा.

"ही मेलेली मादी वाळूतली नाही. हिची फणी शाबूत आहे, म्हणजे ही कागदावर वाढली. कागदावर विंचू वाढवणारा इथं एकच माणूस. बरं, ती तुमच्या खोलीतून दुसऱ्या कोणी चोरली असेल असंही धरू. पण मी विचारलं तेव्हा तुम्ही भिंगातून पाहिलंत आणि साधी जात म्हणालात. दाट फणीची जात तुम्ही शोधलीत. ती ओळखणारा तुमच्याइतका जाणता माणूस जगात दुसरा नाही. आणि तुम्हालाच ओळखता आली नाही?"

जावईबापूंनी सांगितलं, की घाईत नजरचूक झाली असेल.

"असेल. मग आता सावकाश पाहा. मला कसली घाई नाही." इन्स्पेक्टरांनी खुर्ची पुढं सरकवली. "ही साधी जात म्हणालात, तर दाट फणी म्हणजे निराळी जात नव्हे, नुसता कागदावर वाढल्याचा परिणाम. मग तुमची नवी जात मुळात नाहीच. सरांना परवा तेच कळलं होतं. आणि ही तुमची जात म्हणालात, तर काल तुम्ही खोटं बोललात, आणि का बोललात ते इथं सगळ्यांना कळतं. मादी कोटात घालून, कोट पेटीजवळ टाकून तुम्ही जेवायला गेलात. तो खुंटीवर कसा आला, याचं कोडं तुम्हाला काल पडलं होतं. नानांनी उचलून ठेवला. बोला, कोणती आहे ही?"

जावईबापू खाली वाकले. भिंगाला डोळा लावला. इतका वेळ लावला, की हवालदार पुढं सरकू लागला आणि इन्स्पेक्टरांनी त्याला हातानंच थांबवलं.

माणूस सुटायची धडपड करतो असं आपण समजतो. पण कधीकधी त्याला सुटकेहून प्यारं असं काही असतं, आणि तेच त्याला गळ्याशी धरून बुडवतं. जावईबापूंनी पुन्हा एकदा नजरचूक म्हटलं असतं, ही साधीच आहे म्हटलं असतं, तर वकिलाला झुंजायला जागा होती. ते सरळ उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता, आवाज मात्र वर्गात असावा तसा.

"ही वेगळी जात आहे," ते म्हणाले. "सर चुकले होते. माझे विंचू घेऊन वर्षभर वाळूत ठेवले आणि म्हणाले, बघ, केस गेले, दोन्ही सारखेच. किती विनवलं त्यांना. तुमचं नाव आहे सर त्याला, तुमचं नाव राहील जगात. तर म्हणाले, खोट्याला चिकटवून ठेवायला नाव कशाला हवं, काढून टाक. इतकं सहज म्हणाले. जसा एखादा केस काढून टाकावा."

"आणि पेटीतलीच का नाही घेतलीत?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"खाली गेली. उकरायला वेळ नव्हता. सर जागे झाले असते." मग बायकोकडे वळून त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "एवढ्यानं मरतील असं मला वाटलं नव्हतं गं. चार दिवस पडून राहिले असते. तेवढ्यात मी सगळं नीट सिद्ध केलं असतं."

लेक त्यांच्याकडे पाहत होती. मग तिनं आईच्या खांद्यावरचा हात काढला, आणि तो कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा हवेतच धरून ठेवला.

बाई एवढंच म्हणाल्या, "तुला माझ्या हातानं वाढलंय रे मी."

७

जावईबापूंना गाडीत बसवल्यावर इन्स्पेक्टर बोळात आले. नाना भिंतीला डोकं टेकून बसले होते. इन्स्पेक्टर त्यांच्याशेजारी बाकावर बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. म्हातारी पेटीतच होती, झाकण तुमच्या हातून राहिलं नव्हतं, ते मुद्दाम उघडलेलं होतं. कोट तुम्ही उचललात तो मायेनं उचललात. तुमच्या माथी काही नाही नाना.

आता हा माणूस मोकळा श्वास घेईल, असं त्यांना वाटलं होतं. अशा वेळी माणसं रडतात, हात जोडतात, देवाचं नाव घेतात.

नानांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पोरीला कळलं?"

"समोरच होती."

नाना पुढं वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांत तोंड धरलं. आवाज आला तो बोटांच्या फटीतून. "माझी चूक असती तर बरं होतं, साहेब. माझं काय, वय झालंय, काढली असती कुठंही. पोरीचं घर तरी राहिलं असतं." थोड्या वेळानं तोंड वर करून, अगदी व्यवहाराचं बोलावं तसं त्यांनी विचारलं, "कालचा कागद आहे ना तुमच्याकडं? अजून नाही का चालणार? मी करतो सही."

 इतक्या वर्षांच्या नोकरीत इन्स्पेक्टरांनी गुन्हा कबूल करा म्हणून अनेकांना समजावलेलं होतं, पण निर्दोष ठरल्यावर शिक्षा मागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

दारात लेक उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. ती येऊन नानांच्या पलीकडं बसली. तिच्यामागून बाई आल्या. बसायला जागा नव्हती तेव्हा इन्स्पेक्टर उठले, आणि बाई नानांच्या अगदी लागून बसल्या.



"नाना," लेक म्हणाली, "सही नका करू. मला आता तुम्ही दोघंच आहात."

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  मग त्या तरण्याताठ्या लेकीचा आवाज फुटला, आणि तिनं लहान मुलासारखा, बोळभर घुमेल असा, बापाच्या नावानं टाहो फोडला. नवऱ्यासाठीचं रडणं त्यात किती होतं, ते तिला ठाऊक आणि वरच्याला.

इन्स्पेक्टर पाय न वाजवता बाहेर पडले.